मासोळीच्या तराजूवरचा केक

नागभीडमध्ये जुने लोक मला अजून केकवाली म्हणतात. माझ्या हातचा केक ज्यांनी खाल्ला त्यांच्यातले बरेच वर गेले, आणि जे उरलेत त्यांना डॉक्टरने गोड बंद केलंय, तरी नाव काही सुटलं नाही. मासोळ्या धरणाऱ्या ढिवराच्या घरची सून केकवाली झाली कशी, हे लोकांना तेव्हाही कोडं होतं आणि आजही आहे. या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मग वाटलं, केकबद्दल कोणीही लिहील, पण आमच्या सासूबाईंच्या तराजूबद्दल माझ्याशिवाय कोण लिहिणार?

ही गोष्ट पन्नासनंतरच्या दशकातली. आमचा जिल्हा तेव्हा चांदा जिल्हा होता, चंद्रपूर नाव पुढे आलं. नागभीडला छोट्या रुळांचं जंक्शन. नागपूरकडून गाडी यायची, गोंदियाकडून यायची, एक चांद्याला जायची. स्टेशनाच्या मागे ड्रायव्हर, गार्ड, फायरमन यांची घरं, आणि त्या घरांच्या मागे आमची वस्ती. आमचे हे रुळावर गँगमन होते. मी सातवी शिकलेली, मास्तरीण व्हायचं मनात होतं, पण लग्न झालं आणि एका इंजिन ड्रायव्हरच्या घरी भांडी-धुण्याला लागले. त्यांची बायको मार्था. सारी वस्ती तिला ड्रायव्हरीणबाईच म्हणायची. मूळची कुठली कोण जाणे, घरात इंग्रजी, बाहेर रेल्वेची हिंदी, आणि आमच्याशी बोलताना दोन्हीत थोडी मराठी मिसळायची. स्वभावाने कडक, पण हाताने शिकवणारी.

केक मी तिच्याकडे शिकले. त्याला पौंड केक म्हणतात, कारण मूळ हिशोबात मैदा, साखर, लोणी आणि अंडी या चारही जिनसा एकेक पौंड घ्यायच्या. पण पौंडाशी आपल्याला काही देणंघेणं नाही. चौघी एकमेकींच्या तोलाच्या असल्या की झालं. म्हणून त्याला वजनंसुद्धा लागत नाहीत. तराजूच्या एका पारड्यात अंडी ठेवायची, दुसऱ्यात आधी मैदा तोलून काढायचा, मग साखर, मग लोणी. अंडी हेच वजन. गावठी कोंबडीचं अंडं कधी केवढं, कधी केवढं, पण अंडं लहान निघालं तर मैदाही आपोआप कमी होतो. माझी नात मला विचारते, ‘आजी, किती ग्रॅम?’ मी म्हणते, कोंबडीला विचार.

बाकी काम मनगटाचं. गवळ्याकडचं लोणी आधी थंड पाण्यात धुवायचं आणि फडक्यात पिळायचं, नाहीतर त्यातलं ताक दगा देतं. साखर खलबत्त्यात कुटून चाळायची. मग परातीत लोणी आणि साखर तळहाताने फेसत बसायचं, पांढरं शुभ्र होईपर्यंत. वाटीभर पाण्यात त्याचा थेंब टाकला आणि तो तरंगला, की हाताला सुट्टी. अंडी एकेक करून घालायची. घाई केली तर मिश्रण फाटतं. भट्टी म्हणाल तर घासलेटचा डबा आडवा करून त्यात वाळू, खाली निखारे, वर पत्र्यावर निखारे. इंजिनाच्या राखेतून अर्धवट जळके कोळसे निघायचे, ते वेचून आणले की आच मंद आणि टिकाऊ मिळे. आच कळायला आत कागदाचा तुकडा टाकायचा. काळा पडला तर निखारे कमी करा, बिस्किटासारखा तांबूस झाला तर केक आत सारा.

आता सासूबाईंकडे येते.

सासूबाईंनी जन्मभर मासोळ्या विकल्या. गावाबाहेरच्या तलावात आमच्या लोकांची जाळी पडायची आणि बाजाराच्या दिवशी सासूबाई मरळ, झिंगे घेऊन बसायच्या. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि आमच्या तलावातल्या मासोळीचा ठेका बाहेरच्या एका ठेकेदाराने घेतला. आमची माणसं त्याच्या जाळ्यावर मजुरीला लागली. पण विकणारीला मजुरी कोण देणार? तराजू खुंटीला टांगला गेला आणि सासूबाई त्याच्याखाली भिंतीला टेकून बसल्या. आजार काही नव्हता. जेवायला बोलावलं तर म्हणत, ‘काम नाई, तं भूक कुठून येईन वं?’ असं बसून राहणं त्यांना शोभत नव्हतं आणि मला पाहवत नव्हतं.

त्याच सुमाराला ड्रायव्हरीणबाई म्हणाली, कॉलनीत केक मागणारे पुष्कळ आहेत, मला एकटीला होत नाही, तू घरी कर. मी हो म्हटलं. पण तोलायचं कशावर? घरात तराजू एकच. आमच्यात विकणारीच्या हयातीत तिच्या तराजूला दुसऱ्याने हात लावायचा नाही अशी रीत. मी भीत भीत विचारलं. सासूबाईंनी वर पाहिलं, मग म्हणाल्या, ‘देत नाई. पण तोलून देईन.’ त्या उठल्या, तराजू उतरवला आणि राखेने घासायला बसल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. मला केकपेक्षा त्याचाच जास्त आनंद झाला.

पहिला केक ड्रायव्हरसाहेबांनीच खाल्ला. घास तोंडात धरून बराच वेळ विचार केला आणि बायकोला म्हणाले, ‘आज फिश कटलेट है क्या?’ बांबूच्या पारड्यांत वर्षानुवर्षांचे झिंगे मुरले होते, राखेने कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी बुरडाकडून नवी पारडी आणली. दांडी तीच ठेवली. दांडीला हात लावू द्यायला सासूबाई तयार नव्हत्या.

वास गेला, पण केक काही धड होईना. वरून फुटायचा, आतून कोरडा, खाणाऱ्याला पाणी मागायला लावणारा. ड्रायव्हरीणबाईच्या घरी माझ्याच हाताने केलेला केक मऊ व्हायचा आणि आमच्या घरी तोच केक विटेसारखा. आधी मी आचेला दोष दिला, मग गवळ्याला, मग कोंबड्यांना. शेवटी एक दिवस सासूबाई तोलत असताना शेजारी बसून नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

त्यांनी पारड्यात अंडी ठेवली. दुसऱ्यात मैदा घातला. काटा मध्यावर आला. आणि मग त्यांनी, अगदी सवयीने, आणखी मूठभर मैदा वर टाकला. पारडं खाली गेलं, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. साखरेचं तेच. लोण्याचं तेच.

बाजारात सासूबाईंचं नाव होतं ते यासाठीच. काटा सरळ उभा राहिला म्हणजे माप झालं असं त्या कधी मानत नसत. गिऱ्हाइकाचं पारडं लवलं पाहिजे. त्या म्हणत, ‘पारडं लवलं नाई तं गिऱ्हाइकाले वाटते, आपल्याले मोजून देल्लं.’ मोजून देणं ही त्यांच्या लेखी जवळजवळ शिवी होती. आमच्या वस्तीतल्या साऱ्याच बाया असं तोलत, पण सासूबाईंचा हात जरा जास्तच सैल. त्या सैल हाताने माझ्या केकात मैदा, साखर, लोणी तिन्ही वाढत होते आणि अंडी बिचारी होती तेवढीच. ओल कमी पडणार नाही तर काय?

चूक कळली, पण ती सांगायची कशी? ज्या बाईची अब्रू त्या लवत्या पारड्यात होती, तिला म्हणायचं की बाई, सरळ तोला? आणि मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. तराजू खुंटीला टांगून पुन्हा भिंतीखाली बसल्या असत्या. ते मला नको होतं. केक बिघडला तर बिघडो, पण ही बाई पुन्हा भिंतीला टेकता कामा नये, हे मी मनाशी पक्कं केलं.

मग कमी पडलेली ओल दुसरीकडून आणायला लागले. हिवाळ्यात नागपूरच्या गाडीने संत्र्यांच्या पाट्या यायच्या. फुटकी, दबलेली संत्री स्टेशनावर पडेल भावात मिळत. त्यांच्या सालीचा वरचा केशरी पापुद्रा किसून मिश्रणात घालायचा. पांढरा भाग आला की कडू होतं. रसात साखर घालून कोमट करायचा, आणि केक भट्टीतून काढला की गरम असतानाच त्याला फड्याच्या, म्हणजे केरसुणीच्या, स्वच्छ काडीने टोचून तो रस चमच्या-चमच्याने जिरवायचा. उन्हाळ्यात संत्री नसली की लिंबू. जंगलातली करवंदं आमच्या बाया टोपलीने आणत. ती मी पाकात मुरवून बरणीत ठेवू लागले आणि केकात घालू लागले. करवंदं आधी निथळून कोरड्या मैद्यात घोळवायची, नाहीतर सगळी बुडाशी जाऊन बसतात. असं करता करता तो फुटका केक इतका रसरशीत झाला की लोक ‘संत्र्याचा केक’ म्हणून तोच मागू लागले. भेगा पडत त्या उलट बऱ्याच, रस त्यातून आत जायचा. सासूबाईंना वाटे, हे सारं त्यांच्या हाताला आलेलं यश. मीही तसंच म्हणत असे.

गिऱ्हाइकंही एकेक नग. पोस्टमास्तर शुद्ध शाकाहारी. त्यांना केक हवा होता, पण अंड्याशिवाय. सासूबाईंना ते सांगितलं तर त्या विचारात पडल्या. ‘अंडे नाई, तं मैदा कशाशी तोलू?’ शेवटी बटाटे ठेवून तोललं, आणि अंड्याऐवजी मी दही घातलं. जे झालं त्याला केक म्हणायला जीभ धजत नव्हती. पोस्टमास्तरांनी मुकाट्याने खाल्लं. महिनाभराने मागच्या दाराने आले आणि हळूच म्हणाले, ‘बाई, ते साऱ्यांना देता तेच द्या मलेही. घरी सांगू नका.’ पुढे त्यांच्या पत्नीही मागच्या दाराने येऊन तेच सांगून गेल्या. दोघांनाही मी शब्द दिला आणि दोघांचाही पाळला.

आणि एकदा तो तलावाचा ठेकेदार आला. त्याच्या मुलाचा वाढदिवस होता. मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आज तरी पारडं सरळ राहील आणि एक केक तरी धड निघेल. कसलं काय! उलट आणखी अर्धी मूठ वरून पडली. तो गेल्यावर मी म्हटलं, ‘बाई, याले बी? यानं आपला तलाव घेतला नं?’

‘त्यानं त्याच्या मनासारखं केलं,’ सासूबाई दांडी पुसत म्हणाल्या. ‘मी माह्या मनासारखं करीन. त्याच्यापायी माहा हात काऊन खराब करू?’

आता माझ्या नातीने आकडे दाखवणारं वजनाचं यंत्र आणलंय. छान आहे, चूक करत नाही. पण त्याला पारडं एकच. त्यात लववायचं कुठे आणि कोणाकडे, हे मला अजून उमगलेलं नाही. ते पाहिलं की उगाच उदास वाटतं.

एका हिवाळ्यात ड्रायव्हरीणबाईच्या मुलीचं, रोझीचं, लग्न ठरलं. पाद्री आणि पाहुणे नागपूरच्या गाडीने येणार होते. लग्नाचा केक तीन मजली, मोठा, मधला आणि धाकटा. ड्रायव्हरीणबाईला लग्नघर सोडून भट्टीपाशी बसता येणार नव्हतं, म्हणून काम माझ्याकडे. लोणी, अंडी, मैदा, सारं तिनेच पाठवलं, आणि ते नेमकं लागेल तेवढंच होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी, सगळं ठीक आहे ना हे बघायला ती स्वतः आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. त्यापूर्वी ती आमच्याकडे कधी आली नव्हती.

सासूबाई तोलायला बसल्या होत्या. मैदा तोलला, काटा सरळ झाला आणि त्यांनी मूठ वर टाकली.

‘ना ना, आजी,’ ड्रायव्हरीणबाई म्हणाली. ‘ऐसा नको. दोनो बाजू एकदम बराबर मंगता.’

सासूबाई हसल्या. ‘बराबर माप मी कोणालेच देल्लं नाई, बाई. अन् लेकीच्या लग्नात देऊ?’

‘पण आजी, केक फाटेगा. सूखा होएगा.’ तिचा जीव लग्नात अडकलेला. एरवी तिने असं केलं नसतं, पण ती खाली वाकली आणि तराजूची दोरी सासूबाईंच्या हातातून घेऊन पारडं सारखं करू लागली.

सासूबाईंनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, लुगडं सावरलं आणि उठून चालू लागल्या. ड्रायव्हरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘क्या हुआ?’ तिला खरंच कळलं नव्हतं. मी तिला तिथेच बसवलं आणि सासूबाईंच्या मागे धावले.

त्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसल्या होत्या. खाली ठेकेदाराची माणसं जाळं ओढत होती. त्यांच्यात आमचे दोन चुलत दीरही होते. मी शेजारी बसले.

‘चला नं बाई, घरी.’

‘तिच्या हातात तराजू हाय. तिले सांग तोलाले.’

‘तिले मालूम नोयती आपली रीत.’

‘रीतीचं जाऊ दे.’ त्यांनी जाळ्यावरची नजर काढली नाही. ‘ते म्हणे केक सुका होते. खरं हाय का?’

मला खोटं बोलता आलं असतं, पण त्या माझ्याकडे न बघता विचारत होत्या, त्यामुळे बोलवेना. ‘हो,’ मी म्हटलं.

‘माह्या मापानं?’

‘हो.’

‘कवापासून मालूम हाय तुले?’

‘सुरुवातीपासूनच म्हणा नं.’

त्या म्हणाल्या, ‘म्हणून तू तो संत्र्याचा रस टाकून राह्यली होती? मी म्हणो, ह्या पोरीले शौक हाय.’

‘तुमी तराजू टाकून देल्ला असता, बाई. पुन्हा भिंतीखाली बसल्या असत्या. मले ते पाहून होत नोयतं.’

हे मी त्यांना कधी सांगेन असं वाटलं नव्हतं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. तसल्यातल्या त्या नव्हत्या. जाळं काठाला आलं, त्यात फार काही नव्हतं, ते बघून त्यांनी ‘च्यक्’ केलं. मी मनात म्हणत होते, संपलं. आता ही बाई तराजूला पुन्हा शिवणार नाही, आणि मी उद्याचा केक तोलून काय करणार आहे?

जाळं पुन्हा पाण्यात पडलं तेव्हा त्या बोलल्या. ‘मासोळी तोलतो तवा एका पारड्यात मापाचा गोटा राह्यते, एकात मासोळी. गोटा माहा, मासोळी गिऱ्हाइकाची. बराबर?’

‘बराबर.’

‘तुह्या केकात गोटा कोणता?’

‘अंडे. अंड्यावरच सारं तोलतो नं.’

‘अंडं महाग का मैदा महाग?’

‘अंडं.’

‘मंग महागाची वस्तू गोटा कशी होईन वं?’ आता कुठे त्या माझ्याकडे वळल्या. ‘गोटा कोणाले खायाले देते का? मैद्याले गोटा कर. अंडे जाऊ दे गिऱ्हाइकाच्या पारड्यात. मंग लवलं तरी काय बिघडते?’

इतके दिवस मी संत्री पिळत होते आणि पारडी बदलायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बिघडत तर नव्हतंच, उलट अंडं थोडं जास्त झालं तर केक मऊच होतो. पण किती जास्त चालेल हे मला ठाऊक नव्हतं, आणि घरात दुसऱ्या खेपेपुरतं लोणी नव्हतं. लग्न सकाळी होतं.

आम्ही परतलो तेव्हा ड्रायव्हरीणबाई दोरी हातात धरून तशीच बसली होती. तराजू खाली ठेवायची तिला भीती वाटली असावी. ‘सॉरी, आजी,’ ती म्हणाली. सासूबाईंनी तिच्या हातातून दोरी घेतली आणि म्हणाल्या, ‘बस इथीच. अन् पाह्य.’

मैद्याचं पारडं त्यांनी आपल्याकडे घेतलं. अंड्यांचं समोर, ड्रायव्हरीणबाईकडे केलं. मैदा, साखर, लोणी, तिन्ही वेळा अंड्यांचं पारडं खाली राहिलं. शेवटी त्यांना तेही कमी वाटलं. आमच्या स्वतःच्या कोंबडीचं अंडं त्यांनी कोनाड्यातून आणलं आणि वर ठेवलं. ड्रायव्हरीणबाईने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. त्या मिटलेल्या तोंडासाठी मी तिची आजही ऋणी आहे.

मी फेसायला बसले. मिश्रण नेहमीपेक्षा सैल होतं, तरी तसंच मोठ्या साच्यात ओतलं. भट्टीत सारलं तेव्हा सासूबाई पदराने वारा घालत निखाऱ्यांशी बसल्या. ड्रायव्हरीणबाई पाहुण्यांना घ्यायला स्टेशनावर जायची, परत येऊन दारातून डोकवायची. दिवस मावळायच्या आधी मी तिसरा साचा उलटा केला आणि तिघी त्याच्याभोवती वाकलो. वर भेग नव्हती. रंग मधासारखा, आणि बोटाने दाबलं तर खड्डा भरून वर येत होता. ड्रायव्हरीणबाईने छातीवर क्रूस काढला आणि ढसाढसा रडायला लागली. लग्नाच्या आधी आयांना रडायला काहीही पुरतं.

रस तयारच होता. सवयीने मी तोही जिरवला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरांच्या घरांपुढच्या मांडवात लग्नाची मेजवानी झाली. आमच्या वस्तीतले लोक रेल्वेच्या लोकांच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभे राहत, जेवण पत्रावळीवर घरी नेत. सासूबाई तशाच कडेला उभ्या होत्या. रोझीने केक कापला. पहिला तुकडा नवरदेवाला दिला, आणि दुसरा घेऊन ड्रायव्हरीणबाई सरळ मांडवाच्या कडेला आली. सासूबाई मागे सरल्या. ‘आमी विकलेला माल खात नाई, बाई. विकणाऱ्यानं खाल्ला तं बरकत जाते.’

‘आज विकनेवाली नहीं,’ ती म्हणाली, ‘आज मेहमान.’ आणि तिने सासूबाईंना हाताला धरून आणलं, पाद्रीबाबांशेजारच्या खुर्चीवर बसवलं, आणि बशी हातात दिली. खुर्चीवर बसलेल्या सासूबाई मी त्यापूर्वी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी पाय वर घ्यावेत की खाली सोडावेत याचा थोडा विचार केला आणि खाली सोडले. मग केक खाल्ला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मागे उभी होते, त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. सगळा तुकडा संपला, करवंदसुद्धा. त्यांनी बोटानेच मला जवळ बोलावलं.

‘चांगला हाय,’ त्या कानात म्हणाल्या. ‘पण रस कमी करत जाय आता. झाकाले काय राह्यलं?’

मला हसू आलं, आणि तिथेच, त्या साऱ्या पाहुण्यांसमोर, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या पाळीवर मला जवळ न घेतलेल्या बाईने आपल्या लुगड्याचा पदर माझ्यापुढे केला, तोही कोणाला दिसणार नाही असा, खुर्चीच्या मागून.

पुढे त्या होत्या तोवर आमच्या घरी तोललं त्यांनीच, आणि अंड्यांचं पारडं दर वेळी खाली राहिलं. त्यांचं मी एवढं एकच ऐकलं नाही. रस कधी थेंबभरही कमी केला नाही. तराजू त्यांचा होता. गिऱ्हाइकाला वरून काही द्यायचं तर माझ्या हातात दुसरं होतं काय?